तप, दान आणि एक लपवलेली गाठ

२०२३ सालच्या अक्षय तृतीयेची सकाळ. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी स्थानकाच्या आवारात मांडव घातला होता. त्या वर्षी गावात पाच वर्षीतपांची पारणी होती. भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरी श्रेयांसकुमाराने दिलेल्या इक्षुरसाच्या आहाराची आठवण म्हणून उसाच्या रसाचे कलश ओळीने मांडलेले, तपस्वींच्या गळ्यांत माळा, अनुमोदनेची गीते आणि बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांची लगबग. तेरा महिने एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणा हा क्रम न चुकता पाळणे सोपे नसते. त्या पाच तपस्वींमध्ये एका मोठ्या एकत्र कुटुंबातील मधल्या सूनबाई होत्या. गावात लहानथोर सारे त्यांना ‘मधल्या भाभी’ म्हणूनच ओळखतात. त्यांच्या इच्छेस मान देऊन येथेही तेच संबोधन ठेवले आहे. वय त्या वेळी सत्तेचाळीस.

पारणे झाले. नातेवाइकांनी एकेक करून सुखसाता विचारली. मोठ्या जाऊबाईंनी आनंदाने त्यांना पोटाशी धरले आणि मधल्या भाभी एकदम अंग चोरून मागे सरल्या. चेहऱ्यावर क्षणभर काही उमटून गेले. तीस वर्षे एका चुलीवर स्वयंपाक केलेल्या दोघी जावा. मोठ्या भाभींच्या नजरेतून ते सुटले नाही. पाहुणे पांगल्यावर, दुपारी माळ्यावरच्या खोलीत, दार लावून त्यांनी विचारले, “काय लपवतेस?”

त्यावर जे उत्तर मिळाले ते ऐकून मोठ्या भाभी जागच्या जागी खाली बसल्या. डाव्या स्तनात पौष महिन्यापासून गाठ होती. आधी वाटाण्याएवढी होती, आता सुपारीहून मोठी झाली होती. दुखत नव्हती, म्हणून सुरुवातीला काळजी वाटली नाही. पुढे काळजी वाटू लागली, पण तेव्हा तपाचे जेमतेम चार महिने राहिले होते. डॉक्टरांकडे गेले तर ते तपासण्या सांगणार, औषधे देणार, कदाचित शस्त्रक्रिया सांगणार, आणि हाती घेतलेले तप अर्ध्यावर मोडणार. शिवाय सांगायचे तरी कोणाला आणि कोणत्या शब्दांत? घरात पुरुष माणसे, सासूबाई वृद्ध, मुलगी सासरी. मधल्या भाभींनी मनाशी ठरवून टाकले होते, पारणे होईपर्यंत बोलायचे नाही.

चार महिने गेले होते ते असे.

*

स्तनाच्या कर्करोगाविषयी आपल्या घरांतून जे थोडेफार बोलले जाते त्यात एक समज पक्का असतो की, दुखले तर आजार. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. सुरुवातीची गाठ सहसा दुखत नाही, आणि तेच तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारण ठरते. काखेत गाठ लागणे, स्तनाच्या त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तरी दाखवून घेणे आवश्यक असते. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात, बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. पण कोणती कोणत्या जातीची, हे तपासणीवाचून कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ७८ हजार महिलांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९० हजार महिला त्याने दगावल्या. निदान उशिरा होणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे, आणि उशिराची सुरुवात अनेकदा रुग्णालयात होत नाही, ती घरातच झालेली असते.

मधल्या भाभींच्या बाबतीत पुढचे दोन आठवडे धावपळीत गेले. मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून बायोप्सी झाली, आणि अहवालात नको तोच शब्द आला. आजार काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचल्याची चिन्हे होती, पण त्यापलीकडे पसरला नव्हता. मुंबईला नेण्याचे ठरले. तेथील शस्त्रक्रियातज्ज्ञांनी कागद पाहिले, गाठ तपासली आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला, “एवढे दिवस का थांबलात?”

“तप चालू होते,” भाभी म्हणाल्या.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर पुढची तारीख लिहिली.

मुंबईला निघण्याआधी भाभी मांगलिक ऐकण्यासाठी महासतीजींकडे गेल्या होत्या. त्यांना वाटले होते की, तप पूर्ण केल्याबद्दल शाबासकी मिळेल आणि धीर मिळेल. महासतीजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तेरा महिने एक दिवसाआड पचक्खाण घेतलेत ना? शेवटचा आगार कोणता?”

भाभींना पाठ होते. सव्वसमाहिवत्तियागार.

“त्याचा अर्थ?”

अर्थ भाभींनी कधी विचारला नव्हता. आगार म्हणजे व्रत घेतानाच ठेवलेली मोकळीक. शेवटची मोकळीक समाधीसाठी असते. तीव्र व्याधी उत्पन्न झाली, चित्ताची स्थिरता ढळू लागली, तर औषध घेतल्याने पचक्खाणाचा भंग होत नाही. ही सवलत कोण्या आधुनिक माणसाने शोधलेली नाही. व्रताच्या पाठातच ती पूर्वाचार्यांनी घालून ठेवलेली आहे. महासतीजी म्हणाल्या, “शास्त्रकारांना तुमच्या शरीराची काळजी होती. तुम्हालाच नव्हती. शरीर हे तपाचे साधन आहे, त्याची उपेक्षा म्हणजे तप नव्हे.”

भाभी सांगतात की, निदान ऐकताना डोळ्यांतून पाणी आले नव्हते, ते त्या दिवशी आले. जे दार उघडेच होते त्याच्यासमोर त्या चार महिने थांबून राहिल्या होत्या.

*

शस्त्रक्रिया जून महिन्यात झाली. आदल्या दिवशी एक तरुण निवासी डॉक्टर संमतिपत्र समजावून सांगायला आल्या. कोणता भाग काढणार, भूल कशी देणार, हे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आणि कापण्यापूर्वी गाठीच्या सभोवती एक इंजेक्शन देऊ. दात काढताना हिरडीत देतात ना, त्याच जातीचे.”

“पूर्ण भूल देणार, तर मग ते कशाला?”

त्यावर डॉक्टरांनी जे सांगितले ते भाभींच्या मनात घर करून राहिले. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते, तेव्हा कर्करोगाच्या काही पेशी इतरत्र जाण्याच्या तयारीला लागत असाव्यात. गाठीभोवतीच्या भागाला लिडोकेन हे साधे बधिरतेचे औषध टोचले, सात ते दहा मिनिटे थांबले आणि मग शस्त्रक्रिया केली, तर तो धोका कमी होईल का, असा प्रश्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. २०११ साली चाचणी सुरू झाली. देशातील ११ केंद्रांत १,६०० महिला स्वेच्छेने तिच्यात सहभागी झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला इंजेक्शन दिले, दुसऱ्याला दिले नाही, बाकीचे उपचार दोघांना सारखेच. मग वर्षानुवर्षे प्रत्येकीची विचारपूस ठेवली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इंजेक्शन न दिलेल्या गटात पाच वर्षांनंतर ८६.४ टक्के महिला हयात होत्या, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. म्हणजे दर शंभर महिलांमागे सुमारे चार संसार अधिक वाचले.

“किंमत किती त्या इंजेक्शनची?” व्यापाऱ्याच्या घरातील सुनेने विचारले.

“शंभर रुपयांच्या आत.”

“औषध नवीन निघाले का?”

“नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षे वापरात आहे.”

“मग इतकी वर्षे का देत नव्हते?”

“कारण कोणी तपासून पाहिले नव्हते,” डॉक्टर म्हणाल्या.

संशोधन या शब्दाचा अर्थ मधल्या भाभींना या एका वाक्यात कळला. त्यांना वाटत होते, संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या, परदेशातील प्रयोगशाळा, आपल्या आवाक्याबाहेरचे काहीतरी. येथे औषध उपलब्ध होते, स्वस्त होते, प्रत्येक शहरातील दंतवैद्याकडे होते. नव्हती ती फक्त प्रश्न विचारून बारा वर्षे उत्तराची वाट पाहणारी चिकाटी, आणि त्या बारा वर्षांचा खर्च. असल्या कामात औषध कंपन्यांना रस असण्याचे कारण नाही, कारण शंभर रुपयांच्या जुन्या औषधावर नफा तो किती मिळणार? म्हणून असा प्रश्न सार्वजनिक पैशाने किंवा दात्यांच्या पैशानेच विचारला जातो.

*

शस्त्रक्रियेनंतरचा चातुर्मास केमोथेरपीत गेला. दर तीन आठवड्यांनी मुंबई, मळमळ, तोंडात फोड, केस गेले. त्या काळात महिला मंडळाने जे केले ते कोणत्याही अहवालात नोंदलेले नाही. तांदळाची पेज, मुगाचे पाणी, उकळून थंड केलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी पोहोचेल असा डबा, याच्या पाळ्या लागल्या. मुंबईत परळजवळ एका बहिणीने आपली खोली दिली. प्रत्येक खेपेला सोबत म्हणून एक वेगळी बाई जाई. यामुळे एक गोष्ट न ठरवता घडली. गावातील तेरा-चौदा स्त्रियांनी कर्करोगाच्या रुग्णालयाचे आवार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. रस्त्याकडेला चटई टाकून बसलेली बिहार-बंगालमधील कुटुंबे पाहिली. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णांच्या नातेवाइकांची सोय कशी होते ते पाहिले. परत आल्यावर त्या आपापल्या घरी बोलू लागल्या.

मंडळातील एका वयस्कर बाईंना क्रोशाचे काम उत्तम येते. स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी सुती धाग्याचे, आत मऊ कापूस भरलेले, विणलेले कृत्रिम स्तन करता येतात, हे त्यांनी मुंबईच्या एका खेपेत ऐकले आणि नमुना पाहून आल्या. विकतचे सिलिकॉनचे महाग असते आणि उन्हाळ्यात जड वाटते. रेशीम वापरायचे नाही हा आपला नियम येथे आपोआपच पाळला गेला, सुताचेच उत्तम. पहिला जोड भाभींसाठी झाला. त्यानंतर बाईंच्या विणकामाच्या पिशवीत तसा एखादा अर्धवट विणलेला गोल नेहमी असतो. कोणी विचारले तर पूर्वी त्या “नातीची टोपी” म्हणत. आता काय आहे ते सरळ सांगतात.

आणि मग संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, काही जणी मधल्या भाभींकडे येऊ लागल्या. समाचाराला म्हणून येत, आणि उठता उठता हळूच विचारत, “तुमची गाठ हाताला कशी लागत होती?” अशा सहा जणी आल्या. सहाही जणींना भाभींनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडले. पाच जणींचे निरुपद्रवी निघाले. सहावी त्यांच्याच घरी धुण्याभांड्याचे काम करणारी बाई. तिची गाठ लहान होती, पण ती कर्करोगाचीच होती. शिधापत्रिका, आधार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद, यांसाठी मोठ्या भाभी तिच्याबरोबर चार दिवस हेलपाटे घालत होत्या. तिचे निदान वेळेत झाले. ती आता पुन्हा कामावर येते.

*

२०२४ च्या पर्युषणात एका दुपारी महासतीजींच्या आज्ञेने मधल्या भाभी स्थानकात बोलायला उभ्या राहिल्या. डोक्यावर नुकतेच उगवलेले आखूड केस, पदर त्यावर नीट घेतलेला. त्यांनी पहिलेच वाक्य उच्चारले, “मला स्तनाचा कर्करोग झाला आणि मी तो चार महिने लपवला.” मागच्या ओळीतील काही जणींनी माना खाली घातल्या. तो शब्द त्या वास्तूत या अर्थाने कदाचित प्रथमच उच्चारला गेला असेल. भाभी पुढे म्हणाल्या, “ज्याने आपण सर्वांनी आपली लेकरे वाढवली, त्याचे नाव घ्यायला लाज कसली? लाज मला माझ्या गप्प बसण्याची वाटते.”

मग त्यांनी हिशेब मांडला. त्यांच्या पारण्याच्या दिवशी कुटुंबातर्फे प्रभावना म्हणून ४५० स्टीलचे डबे वाटले होते. एकेक डबा १८० रुपयांचा. एकूण ८१,००० रुपये. “त्या डब्यांपैकी चार माझ्याच कपाटावर अजून कागदात आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडेही असतील. यंदा ज्यांच्या घरी तपस्या आहे त्यांनी प्रभावना जरूर करावी, पण वस्तूऐवजी ती रक्कम या आजाराच्या संशोधनाला द्यावी.”

सभेत चुळबुळ झाली. जे प्रश्न आले ते टाळण्यासारखे नव्हते.

पहिला प्रश्न व्यवहाराचा होता. आपल्या समाजाने रुग्णालये उभारली आहेत. आचार्य आनंदऋषीजींच्या स्मरणार्थ नगरला उभे राहिलेले रुग्णालय तर सर्वांच्या परिचयाचे. तेथे पैसे दिले तर खाट दिसते, यंत्र दिसते, भिंतीवर वडिलांच्या नावाचा फलक दिसतो. संशोधनाला दिलेले पैसे दिसणार कोठे? बारा वर्षांनी उत्तर येणार, आणि तेही कदाचित ‘उपयोग नाही’ असे येणार. यावर भाभींनी दुसऱ्या एका चाचणीचे उदाहरण दिले. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक महिलांची ही चाचणी टाटा स्मारक रुग्णालयाने केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत, दर दोन वर्षांनी, यंत्राविना. दीर्घकाळ पाठपुरावा करून निष्कर्ष २०२१ मध्ये जाहीर झाले. पन्नाशीपुढील महिलांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील महिलांत मृत्यूंमध्ये तशी घट आढळली नाही. “हे दुसरे उत्तरही मोलाचे आहे,” भाभी म्हणाल्या, “कोठे उपयोग होतो आणि कोठे होत नाही, दोन्ही कळायला हवे. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात. ज्याला फलक लागत नाही असे दान आणखी कोणते आहे?”

दुसरा प्रश्न आला, हा निधी आपल्या समाजासाठीच ठेवावा का? त्याला उत्तर मोठ्या भाभींनी दिले. “गाठ कोणाला होते ते जात विचारून होत नाही,” एवढेच म्हणून त्या खाली बसल्या. त्यांना कोणाची आठवण होती हे बऱ्याच जणींना ठाऊक होते.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण होता. गावातील पांजरापोळ तीस वर्षे सांभाळणारे एक ज्येष्ठ श्रावक उठले. त्यांना सारे काकाजी म्हणतात. आवाज न चढवता ते म्हणाले, “सूनबाई, औषधदान हे चार दानांपैकी एक, त्याला माझा नमस्कार. पण संशोधन म्हटले की उंदीर, ससे यांच्यावर प्रयोग आले. त्यांच्या पीडेला आपला पैसा लावायचा का? पंचेंद्रिय जीव आहेत ते. माणूस वाचावा म्हणून त्यांना मारणे आपल्याला कसे मंजूर व्हावे?”

सभा स्तब्ध झाली. हा प्रश्न टोमणा नव्हता. आयुष्यभर कसायाच्या दारातून जनावरे सोडवून आणणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता.

भाभींनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, “काकाजी, मी रोज एक गोळी घेते. टॅमॉक्सिफेन. १९६२ मध्ये विलायतेत ती गर्भनिरोधनासाठी शोधली होती, त्या कामी ती निरुपयोगी ठरली. पुढे कर्करोगावर तिचा उपयोग होतो हे ज्यांनी दाखवले, त्यांनी आधी ते उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर पाहिले होते. हे मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतले आहे. मी ती गोळी घेते. ती बंद करून मी त्या जिवांना परत आणू शकत नाही. रोज रात्री प्रतिक्रमणात मी त्यांनाही खमावते, आणि ते केवळ तोंडाने नाही. झालेल्या हिंसेचा लाभ मी घेतला आहे, हे मी नाकारत नाही. पण आपला पुढचा पैसा कोणत्या कामाला लागावा हे आपण लिहून देऊ शकतो. ते इंजेक्शन, ती हाताने केलेली तपासणी, या चाचण्या रुग्ण स्त्रियांनी स्वतः, समजून, सही करून आपल्यावर करू दिल्या. आधीच माहीत असलेल्या औषधाचा, आधीच ठाऊक असलेल्या हाताचा उपयोग अधिक कसा होईल, एवढाच तेथे प्रश्न होता. अशाच चाचण्यांना पैसा द्यावा, असे मी म्हणते.”

काकाजी म्हणाले, “विचार करतो,” आणि बसले.

*

त्यानंतरचे काम मंडळाच्या कोषाध्यक्ष बाईंनी केले, आणि ते विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या संस्थांमध्ये एक जुनी शिस्त आहे. जीवदयेचा पैसा जीवदयेलाच, ज्ञानखात्याचा ज्ञानालाच, साधारणाचा साधारणाला. एका खात्याची रक्कम दुसरीकडे वळवणे दोष मानला जातो. हीच शिस्त त्यांनी येथे लावली. वहीत दोन खाती उघडली. एक, रुग्ण व सोबतीण यांच्या प्रवास-निवास-आहारासाठी. दुसरे, केवळ संशोधनासाठी. दात्याने पावतीवर स्वतः खूण करायची. जाहिरात, फलक, हारतुरे यांवर दोन्ही खात्यांतून एक पैसाही खर्च करायचा नाही. दोन हजारांवरील देणगी रोखीने न घेता धनादेशानेच घ्यायची, कारण त्याहून अधिक रोख रकमेला आयकराची सवलत लागू होत नाही आणि हिशेबही स्वच्छ राहतो. संशोधनाचा धनादेश रुग्णालयाला पाठवताना सोबत पत्र जोडायचे की, ही रक्कम स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील वैद्यकीय चाचण्यांसाठी आहे, तिचा विनियोग कळवावा. दान देऊन विसरून जाणे हा विनय झाला. पण दानाचा हिशेब मागणे यातही अविनय नाही. उलट त्यामुळे घेणाऱ्याची जबाबदारी जागी राहते.

त्या वर्षी नऊ तपस्वींच्या कुटुंबांपैकी पाच कुटुंबांनी प्रभावनेची रक्कम निधीला दिली. चौघांनी डबे वाटले, आणि त्यांना कोणी काही म्हटले नाही. पुढे ५०१, १,१०१ अशा रकमा येत राहिल्या. वर्षप्रतिपदेपर्यंत संशोधन खात्यात २,१४,५०१ रुपये आणि निवास खात्यात ३,०६,८०१ रुपये जमले. मोठ्या चाचणीच्या खर्चापुढे ही रक्कम ओंजळभर पाण्यासारखी आहे, हे मंडळाला ठाऊक आहे. पण पैशाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. मंडळाच्या बायका तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात अर्ज घेऊन गेल्या की, आठवड्यातून एक दिवस स्त्री डॉक्टरांनी स्तनतपासणीसाठी राखून ठेवावा. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला तो दिवस मिळाला. आता स्थानकाच्या फळ्यावर व्याख्यानाच्या वेळेखाली त्या तपासणीचा वारही लिहिलेला असतो, पूर्ण शब्दांत.

*

२०२५ ची अक्षय तृतीया. पुन्हा मांडव, पुन्हा उसाचा रस. मधल्या भाभींनी यंदा तप केलेले नव्हते, डॉक्टरांनी दीर्घ उपवासाची परवानगी दिलेली नाही. त्या प्रवेशद्वाराजवळ लहानशा टेबलामागे पावतीपुस्तक घेऊन बसल्या होत्या. दर सहा महिन्यांनी तपासणीस जावे लागते. प्रत्येक वेळी अहवाल हाती येईपर्यंत दोन रात्री झोप लागत नाही. चार महिने आधी गेले असते तर काखेपर्यंत पोहोचले नसते का, या प्रश्नाचे उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, आणि तो प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही. हे त्या लपवत नाहीत.

दुपारी काकाजी आले. धनादेश पुढे केला. भाभींनी पावती लिहायला घेतली आणि विचारले, “काकाजी, खाते कोणते लिहू?”

“निवासाचे,” काकाजी म्हणाले. “दुसऱ्यासाठी माझे मन अजून तयार होत नाही.”

“बरे,” म्हणून भाभींनी त्या खात्यावर खूण केली.

काकाजी जरा घुटमळले. मग मागे उभ्या असलेल्या आपल्या पत्नीकडे वळून म्हणाले, “आणि हिला त्या तपासणीच्या दिवशी घेऊन जाल का? तिने मला काल सांगितले.”

भाभींनी पेन खाली ठेवले. आत स्थानकात नव्या वर्षीतपाचा संकल्प करणाऱ्यांना महासतीजी पचक्खाण देत होत्या. गेल्या वर्षापासून तेथे एक छोटीशी प्रथा पडली आहे. पाठ संपल्यावर महासतीजी शेवटच्या आगारापाशी पुन्हा येतात, आणि तो काय सांगतो ते मराठीत, सावकाश, सर्वांना ऐकू जाईल असे समजावून सांगतात. काकाजींच्या पत्नी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. भाभींनी त्यांचा हात हाती घेतला आणि म्हणाल्या, “काकीजी, वार उद्याचाच आहे. सकाळी नऊला निघू.”